सवय सुटेपर्यंत

४ फेब्रुवारी

सासूबाई लंगोट म्हणतात. दुकानदार क्लॉथ डायपर म्हणाला. मी इथे 'घडी' असं लिहिणार आहे, कारण शेवटी ती सुती कापडाची घडीच आहे. वरून पाणी न झिरपणारी चड्डी, तिला बटणं. बटणाला बटणं लावायची, असा विनोद सासूबाईंनी आजच केला. अजून पुष्कळदा करतील.

बटण म्हणजे माझी मुलगी. हे नाव तिच्या बापाने ठेवलं, जन्मानंतरचा पहिला फोटो पाहून. ती दोन महिन्यांची असताना तो परदेशी गेला, आता ती सव्वा वर्षाची आहे. तो एका बेटावर पवनचक्क्यांची देखभाल करतो. आम्ही तिकडे जायचं हे पहिल्यापासून ठरलेलं आहे. कागदपत्रं झाली, एप्रिलची तिकिटंही काढून झाली. गेल्या महिन्यात फोनवर तो म्हणाला, "इथे डायपर बोटीने येतात, आले तर. कचरासुद्धा बोटीनेच परत पाठवावा लागतो. तिची ती कागदी डायपरची सवय एकदा सुटली, की या."

अट स्पष्ट असली की मला बरं वाटतं. कामाला लागता येतं.

६ फेब्रुवारी

नवीन सुती कापड पाणी पीत नाही. धाग्यात मूळचं तेल असतं, ते जाईपर्यंत पुन्हा पुन्हा गरम पाण्यात धुवावं लागतं. हे मला माहीत होतं. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "नवं माणूसही असंच असतं. चार धुण्यांनंतर मुरतं." माझ्याकडे बघून म्हणाल्या की सहज, ते कळलं नाही.

९ फेब्रुवारी

पाळणाघराच्या बाईंनी हात वर केले. "ताई, आमच्याकडे एवढी पोरं. कापडं धुवायची कुणी?" त्यांचं चूक नाही.

म्हणजे आता दिवसभर बटण सासूबाईंकडे. त्या कचेरीतून टायपिस्ट म्हणून निवृत्त झाल्या आहेत. "आयुष्यभर कागद काळे केले," म्हणाल्या, "आता फडकी पांढरी करीन."

मी आभार मानले. त्यांनी हात असा झटकला की जणू मी तोंडावरची माशी होते.

१४ फेब्रुवारी

गळतंय. सतरंजी, सासूबाईंची मांडी, माझं अंथरूण, पुन्हा सतरंजी. घडी जाड केली तरी गळतं. चड्डीची कड मांडीला नीट बसते, ते तपासलं. मग पाणी जातं कुठून?

मी धान्याचा ओलावा तपासते त्या प्रयोगशाळेत आज एका गोदामवाल्याचा फोन. धान्याच्या ढिगाचा फोटो पाठवला होता. "मॅडम, बघून सांगा ना, ओल आहे का? माल उचलायचाय." मी म्हटलं, फोटोवरून ओलावा सांगता येत नाही. नमुना पाठवा. तो म्हणाला, "अंदाजे?" मी म्हटलं, अंदाजे तर तुम्हीही सांगू शकता.

शेजारच्या टेबलावर वजनाचं काम बघणारा आमचा तराजूवाला ऐकत होता. "मॅडम दिवसभर ओलावा मोजतात, घरी जाऊनही तेच," तो म्हणाला. "ज्याच्याकडे जे नसतं ते त्याने मोजत बसावं." सगळे हसले. मला मागे 'कोरडी मॅडम' म्हणतात, हे मला ठाऊक आहे. शब्द तसा चुकीचा नाही. कोरडा माल टिकतो.

२० फेब्रुवारी

त्याचा व्हिडिओ कॉल. बटण पडद्याकडे बघतच नाही, फोनच्या मागे हात घालून माणूस शोधतं. सासूबाईंनी "बाबा बघ, बाबा" असं म्हणून डोकं फिरवून दिलं, पण ते पुन्हा मागे बघायला गेलं. तो हसला. मग म्हणाला, "जमतंय का तिला?"

"अजून नाही. गळतंय."

"असू दे. घाई करू नको. अगदी निवांत होऊ दे."

थोड्या वेळाने पुन्हा तेच म्हणाला. हा माणूस बसथांब्यावर बस उशिरा आली तर ड्रायव्हरशी भांडायचा. बेटावरच्या एकांताने त्याला सबुरी शिकवली असावी. चांगली गोष्ट आहे.

फोन ठेवल्यावर सासूबाई बराच वेळ एकच फडकं झटकत राहिल्या.

२३ फेब्रुवारी

लाल पुरळ. बटणाला कागदी डायपरनेही व्हायचं, आता ओल्या घडीने जास्त. डॉक्टरांनी तेव्हाच मलम दिलं होतं. पांढरं, घट्ट, चांगलं थापून लावा म्हणाले होते. पहिल्या दिवसापासून दर घडीला लावते.

दमले. धुणं, वाळवणं, घड्या. वाळत घालायला गॅलरी पुरत नाही म्हणून दोरी स्वयंपाकघरात आली, मग बाहेरच्या खोलीत. सासूबाई दोरीखालून वाकून जाताना म्हणतात, "आमच्या घराला रोज नवे पडदे."

२६ फेब्रुवारी

कारण सापडलं असं वाटतं. सासूबाई टॉवेलांना मऊपणासाठी जे सुगंधी द्रव घालतात, त्याचा धाग्यावर थर बसतो आणि कापड पाणी ढकलतं. मोरीत त्याची बाटली साबणाच्या अगदी शेजारी होती.

मी विचारलं. आवाज चढवला नाही. मी कधीच चढवत नाही.

"आई, घड्यांना हे घालता का?"

"नाही गं. तू पहिल्याच दिवशी नको म्हणालीस ना."

"चुकून?"

"मी टायपिस्ट होते. चुकून एक अक्षर पडलं तर अख्खा कागद फाडायचे. चुकून म्हणे."

"मग पाणी शोषत का नाही?"

"मला काय विचारतेस? शिकलेली तू." मग जरा थांबून, निराळ्या आवाजात, "हे बघ. नाही जमत तर नाही जमत. त्याला तसं कळव. त्यात कमीपणा नाही तुला."

मी बाटली उचलून कपाटाच्या वर ठेवली. त्यांनी बघितलं.

नातीला सोडवत नाही त्यांना, हे उघड आहे. मी समजू शकते. पण त्यासाठी कापड बिघडवायचं?

२ मार्च

कामावरून आले तेव्हा सासूबाई फोनवर होत्या. बटण त्यांच्या कडेवर, पाठ माझ्याकडे. म्हणत होत्या, "तूच बोल तिच्याशी. मी काय मधली टायपिस्ट आहे? तू सांगायचं आणि मी छापायचं?" मग, "नाही. नाही सांगणार. तुझ्या तोंडाने सांग."

माझी चाहूल लागताच म्हणाल्या, "ही आली बघ," आणि फोन माझ्या हातात दिला. तो म्हणाला, "काही नाही, सहजच."

म्हणजे त्या बाटलीचा वाद त्याच्यापर्यंत गेला. मायलेकांत माझी तक्रार चालावी हे मला आवडलं नाही. मी काही विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. बोटीला उशीर होतो, वारा फार आहे, असं बोललो.

५ मार्च

आज दोन घड्या प्रयोगशाळेत नेल्या. एक वापरलेली आणि धुतलेली, एक नुसतीच धुतलेली, वापरात न आलेली. दोन्ही सासूबाईंच्या हातच्या, एकाच बादलीतल्या. सगळे जेवायला गेल्यावर थेंब टाकून पाहिले.

न वापरलेल्या घडीने थेंब टाकताक्षणी पिऊन टाकला. बाटलीतला द्रव असता तर असं झालं नसतं.

वापरलेल्या घडीवर कडेचे थेंब जिरले, मधले मोत्यासारखे उभे राहिले. मी मधल्या भागाची हद्द पेन्सिलने आखत गेले. आखून झाल्यावर बघितलं तर आकार ओळखीचा होता. बटणाच्या बुडाचा, आणि त्याला माझी चार बोटं.

मलम. घट्ट, पांढरं, चांगलं थापून. पाणी त्वचेपर्यंत जाऊ नये म्हणूनच ते बनवतात, आणि मी ते दर घडीवर थापत होते. ओलावा मोजून पोट भरणाऱ्या बाईने.

तराजूवाला लवकर परत आला. घडीकडे बघून म्हणाला, "मॅडम, हा कुठल्या गोदामाचा माल?" मी म्हटलं, माझ्या. तो हसला नाही. पाण्याचा पेला भरून माझ्यापुढे ठेवला आणि आपल्या टेबलावर गेला.

६ मार्च

सासूबाई भाजी निवडत होत्या. मी म्हटलं, "आई, घड्यांवर मलमाचा थर बसला होता. साबण आणि खूप गरम पाण्याने जाईल. पुढे मलमाखाली एक पातळ सुती तुकडा घालू, म्हणजे घडीला लागणार नाही. द्रवाचा संबंध नव्हता."

त्यांनी मान वर केली. "ही माफी झाली की हवामानाचा अंदाज?"

"माफी."

"बरं. मग बाटली खाली काढ. माझा हात पोचत नाही तिथवर."

काढून दिली. मग दोघींनी मिळून सगळ्या घड्या उकळल्या. पाण्यावर तवंग आला. सासूबाई म्हणाल्या, "बघ, तुझं कष्टाचं मलम." बटण वाफेला हात करून टाटा करत होतं.

१५ मार्च

प्रवासाची चाचणी. बटणाला घेऊन बसच्या शेवटच्या थांब्यापर्यंत गेले आणि परत आले. पिशवीत कोरड्या घड्या, ओल्या घडीसाठी वेगळी बंद पिशवी. शेवटच्या थांब्यावर बाकावर मांडी घालून घडी बदलली. वारा होता, बटण पाय झाडत होतं, एक आजोबा तोंड फिरवून उभे राहिले आणि त्यांनी छत्री उघडून आम्हाला आडोसा केला.

घरी आलो. चड्डी कोरडी, फ्रॉक कोरडा, माझी मांडी कोरडी. पुरळही उतरलं आहे.

सासूबाईंनी हात फिरवून पाहिलं. "जिंकलीस," म्हणाल्या. तोंड हरल्यासारखं होतं. मला त्यांची कीव आली. नात जाणार.

१६ मार्च

त्याला सांगितलं. "झालं. सवय सुटली."

"एवढ्या लवकर?"

आश्चर्य वाटलं असेल. कौतुकाने म्हणाला असावा.

मग म्हणाला, "आमच्या क्वार्टरचं छप्पर काढलंय. दुरुस्ती." कधी होईल विचारलं. "सांगतो." एप्रिलच्या आधी होईल ना? "कळवतो ना, सांगतो."

छप्पर ही गोष्ट त्याच्या हातातली नाही.

१९ मार्च

छप्पर झालं. आता चक्क्यांचा आवाज. लहान मुलांना त्रास होऊ शकतो म्हणतो. मी आवाजाची पातळी मागवली, अंतर विचारलं, हिशेब केला. आमच्या रस्त्यावरच्या बसपेक्षा कमी येते. तसं कळवलं.

२० मार्च

तिथे डॉक्टर बोटीने येतो म्हणे. आमचे डॉक्टर म्हणाले, लसी झाल्या आहेत, औषधांचा डबा बरोबर द्या, काही हरकत नाही. तसं कळवलं.

उत्तर आलं नाही. वारा असेल.

२१ मार्च

सासूबाई आज घड्या दोरीवरून काढत होत्या. मी टोपली धरली होती. त्या मधेच म्हणाल्या, "अजून किती अटी पुऱ्या करशील?"

"असतील तेवढ्या."

"संपायच्या नाहीत त्या."

"आई, बटण जाणार म्हणून तुम्हाला वाईट वाटतं, ते मला..."

"गाढव आहेस," त्या म्हणाल्या. लग्नाला चार वर्षं झाली, मला असं कधी म्हणाल्या नव्हत्या. हातातलं फडकं त्यांनी टोपलीत टाकलं. "मला वाईट वाटतंच. पण मी काय म्हणत होते? नाही जमलं असं सांग, म्हणत होते. तुझ्या बाजूने मोडलं असतं तर तुला मानाने थांबता आलं असतं. सवय सुटलीय, बाई. तिची नव्हे. त्याची. तुमच्याबरोबर राहायची."

टोपली माझ्या हातात होती. मी खाली ठेवली. एक फडकं बाहेर पडलं होतं ते उचललं.

२२ मार्च

धुणं. प्रयोगशाळा. धुणं.

२५ मार्च

लिहायचं टाळत होते. लिहिते.

दुसरी कोणी आहे का, हे मी सासूबाईंना आधी विचारलं. नाही. तसं असतं तर मी स्वतः जाऊन कान पिळला असता, म्हणाल्या. एवढंच आहे, की तो एकटा राहायला शिकला. सकाळी चक्क्या, संध्याकाळी एकच ताट, कुणाला काही सांगायचं नाही. आईला म्हणाला, "ती पोर मला ओळखत नाही आणि मी तिला. त्या दोघी आल्या की मी काय करायचं, हेच मला कळत नाही." आणि हे तूच सांग तिला, असंही म्हणाला. त्या दिवशीचा फोन तो होता.

मी मागची पानं वाचली. माझ्याच हस्ताक्षरात सगळं लिहिलेलं आहे. "घाई करू नको." "एवढ्या लवकर?" एखाद्या नव्या मुलीने प्रयोगशाळेत असं आकडे लिहून निष्कर्ष न काढता वही मिटली असती, तर मी तिला परत पाठवलं असतं.

"मग आता?" सासूबाईंनी विचारलं.

"तिकीट आहे."

"अगं, पण..."

"फोनवरून ओलावा कळत नाही, आई. नमुना हातात घ्यावा लागतो."

त्यांना काय समजलं कोण जाणे. आत गेल्या आणि लहानशी दुपटी शिवायला घेतली, प्रवासात वर पांघरायला. मशीन बराच वेळ चालू होतं. मग बाहेर येऊन म्हणाल्या, "नमुना खराब निघाला तर परत ये. ही दोरी मी काढत नाही."

परतीचं तिकीटही काढलं. त्याला कळवलं: आम्ही अकरा तारखेला पोचतो. अट विचारली नाही.

त्याचं उत्तर, "बरं."

११ एप्रिल

बेटावर. हे बोटीच्या धक्क्यावरच्या प्रतीक्षागृहात लिहीत आहे.

विमानात दोन घड्या, मधल्या विमानतळावर एक, बोटीवर एक. काही गळलं नाही. बटणाने शेजारच्या प्रवाशाचा चष्मा काढला, एवढाच अपघात. मी जागीच आहे, दोन्ही खांदे माझे नसल्यासारखे झाले आहेत.

तो धक्क्यावर उभा होता. वाळलाय. दाढी वाढलीय. माझ्या हातातलं सामान घेतलं, "दमलीस?" म्हणाला. मी "हो, दमले" म्हटलं. मला आठवतंय तसं, हा शब्द त्याच्यासमोर मी प्रथमच वापरला. मग तो बटणासमोर उभा राहिला, एखाद्या यंत्राची झाकणं उघडण्याआधी उभा राहतो तसा. बटणाने त्याच्याकडे पाहिलं, मग वाकून त्याच्या पाठीमागे पाहिलं. पुन्हा समोर. समोर फोन नव्हता, अख्खा माणूस होता. बटणाने त्याची दाढी मुठीत धरली.

त्याने तिला घेतलं. हात लांब करून, भांडं धरावं तसं. इतक्यात त्याचा चेहरा बदलला.

"ओली झालीय ही."

"हो."

तो वाट बघत होता. मीही बघत होते. एरवी मी हात पुढे केला असता, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी कोरड्या घड्यांची पिशवी त्याच्या खांद्याला अडकवली, आत एक खोली दिसत होती ती दाखवली, आणि बाकावर बसले.

तो गेला. दार अर्धवट लोटलेलं आहे. आधी नुसतं बटणाचं बडबडणं. मग काहीतरी पडल्याचा आवाज. मग त्याचा, स्वतःशीच, "हे बटण कुठे... अगं थांब, थांब ना." मग फोनची रिंग, स्पीकरवर, मोठ्याने, कारण दोन्ही हात अडकलेले असणार. मग हजारो मैलांवरून आमच्या बाहेरच्या खोलीतला आवाज:

"काय रे?"

"आई, हे कापड आहे... हे आत कसं बसवायचं?"

"ती कुठे आहे?"

"बसलीय."

सासूबाईंनी श्वास घेतलेला मला इथवर ऐकू आला.

"बसू दे. तिला हाक मारशील तर बघ. आधी घडी उलगड. गधड्या, ती नाही, कोरडी! हं. आता तिला आडवी कर, आणि एक हात तिच्या पोटावरून काढू नकोस. काढू नकोस म्हटलं ना."

हात काढला की नाही, ते इथून दिसत नाही. मी उठलेले नाही.